नालीला टिकली कोण लावणार?

नाली कोणाच्या स्वप्नात येत नाही. एवढी वर्षं नोकरी केली, पण 'मॅडम, आपल्या गावात एक सुंदर नाली पायजे' म्हणत कोणी माझ्या टेबलासमोर उभा राहिला, असं एकदाही झालं नाही. कारंजं मागतात, गेट मागतात, पुतळा मागतात. हल्ली तर गावाच्या नावाआधी लाल बदाम काढलेली ती मोठाली इंग्रजी अक्षरं मागतात, ज्यांच्यापुढे उभं राहून पोरंपोरी फोटो काढतात. नाली फक्त तुंबली की आठवते, आणि तेव्हा शिव्या खायला मी असतेच.

दिवाळी अंकासाठी 'स्मार्ट आणि शाश्वत शहरांचे प्राधान्यक्रम' यावर अनुभव लिहा, असा संपादकांचा फोन आला तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, "भाऊ, मी शहरबिहर काही उभं केलं नाही. एक नाली बांधली, तीसुद्धा सगळ्यांशी भांडून. ती लिहू का?" ते म्हणाले, लिहा. तर वाचा आता.

माझं आडनाव पटले. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात कनिष्ठ अभियंता होते, लोकांच्या तोंडी ओव्हरसियर मॅडम. गोंदिया जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझी जवळजवळ सगळी नोकरी झाली. गावाचं नाव लिहीत नाही, कारण या लेखातली सगळी माणसं हयात आहेत आणि बाजारात रोज भेटतात. कोहमाऱ्याच्या चौकात उतरून पुढची बस धरली की येतं, एवढं पुरे. पुण्यामुंबईकडे ज्याला गटार म्हणतात त्याला आम्ही नाली म्हणतो. वास दोन्हीकडे सारखाच.

आमचा धंदा सांगायला सोपा आहे. पाणी वरून खाली जातं, यापलीकडे आमच्या शिक्षणात फारसं काही नाही. पण वर कोणतं आणि खाली कोणतं हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून तीन पायांच्या घोडीवर दुर्बीण लावायची, समोर एक माणूस रंगीत पट्टी धरून उभा करायचा आणि पट्टीवरचा आकडा वाचायचा. याला लेव्हल घेणं म्हणतात. बाईमाणूस हे काम करून राहिली म्हणून सुरुवातीला अर्धं गाव गोळा व्हायचं. एका म्हाताऱ्याने तर काळजीने विचारलं होतं, "बाई, त्या नळीतून माह्या घराच्या आतलं दिसून राहिलं का?" मी म्हटलं, नाही बाबाजी, फक्त तुमच्या दाराची उंची दिसते. तेव्हा तो बिचारा निश्चिंत होऊन गेला.

माझं माहेर चोरखमाऱ्याच्या तलावाखालचं. सगळा धानाचा मुलूख. आमच्याकडे शेताच्या लहान लहान बांध्या असतात, प्रत्येक बांधीला चारी बाजूंनी मातीचा धुरा, आणि वरच्या बांधीचं पाणी धुऱ्याला पाडलेल्या तोंडातून खालच्या बांधीत उतरतं. त्यात दोन बोटांचा फरक झाला तर माझे वडील आणि काका महिनाभर एकमेकांशी बोलायचे नाहीत. धानाच्या शेतात आमच्या माणसाला लेव्हल शिकवायची गरज नाही, तो पायाने ओळखतो. पण तोच माणूस तालुक्याच्या गावात घर बांधून राहायला आला की त्याची अक्कल कुठे जाते, देव जाणे. दारासमोर घरापेक्षा उंच रस्ता मागतो, तो झाला म्हणून पेढे वाटतो आणि पावसाळ्यात घरात पाणी शिरलं म्हणून माझ्या नावाने बोंबलतो.

भंडाऱ्यातून फुटून आमचा वेगळा जिल्हा झाला, त्या वर्षापासून हे वेड वाढलं. आता आपणही मोठे झालो, असं प्रत्येक गावाला वाटायला लागलं. पहिली मागणी आली प्रवेशद्वाराची. गावात शिरायला कोणाला काही अडचण होती असं नाही, पण गेट पाहिजे. गेट झालं. मग सिमेंटचे रस्ते आले. जुना रस्ता उखडायचा नाही, त्याच्यावरच नवा टाकायचा, दोन-चार वर्षांनी त्याच्यावर आणखी एक. मी म्हणायची, आधी खोदा, जुनं काढा, मग टाका. ऐकतो कोण? बाजारातल्या एका कापडवाल्या सेठजींनी मला खुर्ची देऊन, चहा पाजून समजावलं, "मॅडम, रोड ऊँचा रहेगा तो बाजार की शान रहेगी."

"सेठजी, रोड ऊँचा होगा तो आपकी दुकान नीची होगी ना."

"तो हम दुकान उठा लेंगे."

आणि खरंच उचलली हो! दुकानाचा ओटा वाढवला. मग शेजाऱ्याने वाढवला. बघता बघता सगळा बाजार उंचावर जाऊन बसला, आणि बाजाराचं सगळं पाणी, जे आधी चारी दिशांना जिरायचं, ते एकाच बाजूने धावायला लागलं. ती बाजू म्हणजे खालचा वार्ड.

खालच्या वार्डात सुगंधाबाई राहायची. तिचं घर आणि मुरमुऱ्यांची भट्टी एकाच छपराखाली. मातीची मोठी चूल, तिच्यावर लोखंडी कढई, कढईत तापलेली वाळू. मिठाच्या पाण्याने माखलेला तांदूळ त्या वाळूत टाकला की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच फुलून वर येतो. नवरा गेल्यावर ही भट्टीच तिचा आधार. मोठा पोरगा नागपूरला कामाला, तो बोलवायचा, पण ही जायची नाही. आणि दर पावसाळ्यात बाजाराचं पाणी येऊन तिची भट्टी बसायची. बसायची म्हणजे खालून ओल धरून माती ढासळायची आणि चूल खचून जायची. पुन्हा लिंपायची, पुन्हा वाळवायची, आणि तोवर हातावर हात धरून बसायचं.

आमची पहिली भेट मला चांगली आठवते. चिखलात घोडी रोवून मी लेव्हल घेत होते, तर ही कमरेवर हात ठेवून आली. "तुमीच का थी ओव्हरसियर बाई? पानी तुमच्या बाजारातून येते अन् माह्या घरात काऊन शिरते? मी का बोलावून राहिली का त्याले?"

मला वाटलं, इथे नालीच नसेल. पाहिलं तर होती! जुनी, कच्ची, पण बरोबर उताराची. वार्डाच्या टोकाला एक मोकळी जागा होती, त्या जागेच्या मधून ती पलीकडच्या नाल्यात उतरत होती. फक्त मोकळ्या जागेवर आली की नाहीशी व्हायची, पलीकडे पुन्हा दिसायची. मधला तुकडा मातीने बुजलेला, वरून चोपून सपाट केलेला.

बुजवली कोणी? तर खालच्या वार्डाच्याच लोकांनी. आणि कशासाठी? नाटकासाठी!

बाहेरच्या वाचकांना हे समजावून सांगावं लागेल. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली, धान घरात आलं की गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक हवंच. सासरी गेलेल्या लेकी येतात, जावई येतात, पाहुण्यांना आधीपासून सांगावे जातात. मंडप घालायचा म्हणजे आधी जमीन खोदायची. बसणाऱ्यांसाठी उतरता खड्डा करायचा, निघालेली माती पुढे टाकून तिचा रंगमंच बनवायचा. वरचा वार्ड एक नाटक करतो, तर खालचा वार्ड मागे कसा राहील? आणि खालच्या वार्डाकडे मोकळी जागा एकच, नालीवाली. मग नाली बुजवा आणि त्यावर खुर्च्या मांडा.

त्यांच्या नाट्यमंडळाचा अध्यक्ष देवराम, सुगंधाबाईचा दीर. मी त्याला विचारलं, "काऊन बुजवली गा नाली?"

"मंग खुर्च्या कोठी मांडाच्या मॅडम? नालीत?"

"नाटक झाल्यावर उकरायची ना मग."

"उकरू न. पानी याले लय टाइम हाये."

तो टाइम कधी येतच नसे. उन्हाळ्यात लग्नं, मग तेंदूपत्ता, मग पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकायची घाई, आणि तोवर पाऊस दारात. मी मजूर लावून उकरून घ्यायची, मंडई आली की हे पुन्हा बुजवायचे. पुढे पुढे मजूर मिळेनात, कारण ते मजूरही त्याच वार्डाचे. आपण खोदलेली नाली आपणच बुजवायची याचा त्यांनाही कंटाळा आला असावा. मी सुगंधाबाईला म्हटलं, "तुमच्याच लोकांनी बुजवली आहे." तर ती काय म्हणाली? "बुजवली तं बुजवली. नाटक का नालीत बसून पाहाचं का?" आणि ही बाई नाटकाला पहिल्या रांगेत! नाटकातल्या नायिकेच्या दुःखाने ढसाढसा रडणार, आणि सहा-आठ महिन्यांनी भट्टी बसली की मला शिव्या घालणार. मी कपाळावर हात मारून घ्यायची आणि पुढच्या वर्षीच्या आराखड्यात पक्की नाली टाकायची. वरची मंडळी आराखडा बघायची, पहिल्यांदा नालीच काढायची. कोणी म्हणायचं, "मॅडम, नालीचं उद्घाटन कसं करायचं? फीत कुठे बांधायची?" हे मला लोक गंभीरपणे विचारायचे.

असं करता करता माझे केस पांढरे झाले. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, आणि मला तिथेच प्रतिनियुक्तीवर बसवलं. मग 'स्मार्ट' हा शब्द गावात आला. आमचे नगराध्यक्ष मुंबईला एका शिबिराला जाऊन आले, आणि परत आल्यावर त्यांना सगळंच स्मार्ट पाहिजे होतं. नागरिकांनीच प्राधान्यक्रम ठरवायचा म्हणून पुण्याहून एक सल्लागार बोलावला. चांगला पोरगा होता, खोटं कशाला बोलू. सौंदडच्या स्टेशनवर उतरला तेव्हा त्याच्या दोन्ही खांद्यांवर नकाशांच्या नळकांड्या होत्या, आणि उन्हाने पार लाल झालेला. त्याने शाळेच्या हॉलमध्ये भिंतीवर मोठाले कागद लावले. एका कागदावर कारंजं, एकावर तलावाभोवती फिरायचा रस्ता, मग सीसीटीव्ही, मोफत वायफाय, सौरदिवे, खुला रंगमंच. आणि शेवटी 'पर्जन्यजल व्यवस्थापन'. मी म्हटलं, "बाळा, हे काय आहे?" म्हणाला, "मॅडम, ड्रेनेज." "मग नाली लिही ना!" त्याने लाजून खाली लहान अक्षरांत 'नाली' लिहिलं.

प्रत्येकाला पाच गोल रंगीत टिकल्या दिल्या. ज्याला जे हवं त्या कागदावर त्याने चिकटवायच्या. अरे देवा, काय तो गोंधळ! बाजारातले सेठ एकदम आले आणि सगळ्यांनी सगळ्या टिकल्या कारंजावर चिकटवून, फोटो काढून निघून गेले. एका आजीने आपल्या नातीच्या कपाळाला लावली आणि बाकीच्या पदराला बांधून घेतल्या. पोरांनी वायफायचा कागद झाकून टाकला. खालच्या वार्डाच्या बाया सुगंधाबाईच्या मागे रांगेने आल्या. मी मनात म्हटलं, चला, आता तरी. आणि त्या सगळ्या गेल्या कुठे, तर खुल्या रंगमंचाकडे! नालीच्या कागदावर एकही टिकली नव्हती. कर्मचाऱ्यांना टिकल्या दिल्या नव्हत्या, नाहीतर मी तरी लावली असती.

माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर तिला अडवलं. "काऊन हो सुगंधाबाई? इतकी वर्षं माझ्या नावाने खडे फोडता, भट्टी तुमची बसते, आणि टिकल्या नाटकाला? नालीला एक नाही लावता आली?"

तिला माझा राग समजलाच नाही. म्हणाली, "नाली तं तुमचं कामच हाये मॅडम. त्याले टिकली कायले लावाची? जे कोनी देत नाई, थे मागतलं आमी."

मी घरी आले. नवरा जेवायला बोलावून राहिला, मला जेवण जाईना. राग सुगंधाबाईचा होता, मग सल्लागाराचा आला, मग नगराध्यक्षांचा, आणि फिरून फिरून एकाच ठिकाणी येऊन थांबला. बाई खरं बोलली होती. नाली काय मागायची गोष्ट आहे? घरातलं पाणी बाहेर जावं याला मत कशाला पाहिजे? आम्ही कागद लावले, टिकल्या वाटल्या, आणि जे आमचं रोजचं काम, तेच कारंजाच्या शेजारी स्पर्धेला उभं केलं. तिथे ते हरणारच होतं. मला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाईट वाटलं.

कारंजं आधी झालं. आठवडाभर रंगीत उडालं, मग मोटर जळाली. आता त्याच्या हौदात डास होतात. तलावाच्या पाळीवर फिरायचा रस्ता झाला, त्यासाठी जुनी मोहाची झाडं गेली. मी नको म्हणत होते, नकाशा वळवूनही दाखवला होता, पण रस्ता सरळच पाहिजे होता. ती झाडं मला वाचवता आली नाहीत, हे अजून मनाला लागून आहे.

त्या पावसाळ्यात सुगंधाबाईची भट्टी पुन्हा बसली, आणि यावेळी छपराचा एक खांबही खचला. मी पाहायला गेले तर ती चिखलातून कढई ओढून काढत होती. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. म्हणाली, "मॅडम, आखरी खेप लिंपतो आता. पुढच्या साली बसली तं मी चालली नागपूरले, पोराच्या खोलीत. तेथी भट्टी नाई लावू देत कोनी. भांडे घाशीन कोनाचे." तिची शिवीगाळ परवडली, हे शांत बोलणं मला ऐकवेना. आता काही झालं तरी पुढच्या पावसाच्या आधी नाली झाली पाहिजे, असं मी ठरवूनच टाकलं.

आणि तेवढ्यात खुला रंगमंच मंजूर होऊन आला. जागा? तीच, नालीवाली. नकाशात बसणाऱ्यांसाठी पायऱ्यापायऱ्यांचा पक्का खड्डा, पुढे उंच मंच, आणि नाली कुठेच नाही. मी नगराध्यक्षांकडे गेले. म्हटलं, "साहेब, मातीचा खड्डा होता तेव्हा थोडं पाणी जिरत तरी होतं. हा सिमेंटचा. पावसाळ्यात तुमचं थेटर म्हणजे बिना कठड्याची विहीर होईल, आणि वरून येणारं पाणी अडून सगळा वार्ड बुडेल. नाली आधी, तीही खड्ड्याच्या तळाहून खोल."

"मॅडम, नाली दुसऱ्या टप्प्यात घेऊ ना."

"आणि पहिल्या टप्प्यातलं पाणी?"

"मोटर लावून उपसू."

मोटर! बाजारातल्या कारंजाची जळून पडलेली मोटर अजून कोणी उचलली नव्हती.

आता एक गोष्ट सांगते, जी इंजिनिअर लोक सहसा सांगत नाहीत. आमच्या हातात फारसं काही नसतं, पण एक गोष्ट असते, ती म्हणजे आखणी. जमिनीवर चुन्याची रेघ आम्ही मारून दिल्याशिवाय कुदळ पडत नाही. कंत्राटदार रहांगडाले आखणी मागायला आला. मी साइटवर गेले, दोरी लावली आणि चुन्याने नालीची आखणी करून दिली. वार्डाच्या वरच्या टोकापासून, मोकळ्या जागेच्या पोटातून, थेट पलीकडच्या नाल्यापर्यंत. रंगमंचाची रेघ मारली नाही. म्हटलं, "खड्ड्याचा तळ किती खोल ठेवायचा हे नालीच्या तळावरून ठरेल. नाली खोदा, लेव्हल दाखवा, मग थेटरची आखणी घ्या." यात खोटं काहीच नव्हतं. जे सगळ्यात खाली असतं ते सगळ्यात आधी बांधावं लागतं.

मग जो तमाशा झाला! रहांगडाले नात्याने माझा दूरचा दीर. आम्हा पवार समाजात नातं काढायला बसलं तर सगळेच निघतात. घरी येऊन म्हणाला, "वहिनी, आपल्याच मानसाले तरास काऊन देऊन राहिल्या?" नगराध्यक्षांनी मला खुलासा मागितला, मी तळाच्या आकड्यांसकट दिला. गावात बोंब झाली की पटले मॅडम नाटक बंद पाडून राहिली. मंडईची तारीख ठरलेली, वडशाची नाटक कंपनी ठरलेली, पाहुण्यांना सांगावे गेलेले. भाजीवालीने मला भाजी देताना तोंड फिरवलं. आणि सुगंधाबाई? जिच्या भट्टीसाठी हा सगळा जीव काढला, ती मी वार्डात गेले की भट्टीकडे तोंड करून बसायची. एकदा मी हाक मारली, तर पाठमोरीच म्हणाली, "आमचं एक नाटक होतं सालात, थेही डोऱ्यात आलं तुमच्या." मी तिथून निघाले तेव्हा माझे डोळे भरून आले होते. असल्या लोकांसाठी कशाला करायचं, असं वाटलं. वाटतंच माणसाला.

पण थेटरची रेघ काही मी मारली नाही.

शेवटी एके सकाळी देवराम कार्यालयात आला, मागे वार्डाची झाडून सगळी माणसं, खांद्यावर कुदळी, फावडी, हातात घमेली. रागाने लाल. "कोठी खंदाचं थे सांगा मॅडम. कंपनीले जबान देऊन ठेवली आमी. रहांगडालेचे मजूर कवा येतीन अन् कवा खंदतीन?" मी चप्पल घातली आणि तशीच निघाले. जी माणसं मी हातापाया पडून नालीवर आणू शकले नव्हते, ती नाटकाच्या तारखेपायी कामाला जुंपली. मी रोज दुर्बीण लावून बसायची, तळ तपासायची, इथे अजून खोल, इथे बस. कोणी माझ्याशी कामापलीकडे एक शब्द बोलत नव्हतं. मागून रहांगडालेने काँक्रीट टाकलं, भिंती उभ्या केल्या, वर जाड स्लॅब. मग मी थेटरची रेघ मारली. पायऱ्यांच्या तळाशी जाळी बसवली, तिथून पाणी सरळ नालीत. रंगमंच त्या स्लॅबवरच उभा राहिला, त्यामुळे नाली बुजवायची सोयच उरली नाही.

रंग ओला असतानाच नाटक झालं. मी मागे बसून पाहिलं. नाटक छान होतं, मीही रडले. नगराध्यक्षांनी मंचावरून सगळ्यांचे आभार मानले, रहांगडालेला शाल दिली. कंपनीच्या मालकाने असं थेटर अख्ख्या झाडीपट्टीत नाही म्हणून सांगितलं. नालीचं नाव कोणी काढलं नाही. तोवर माझं रिटायरमेंट जवळ आलं होतं, पण मला एक पाऊस नोकरीतच पाहायचा होता.

ऑगस्टात झड लागली. झड म्हणजे आमच्याकडे तो पाऊस, जो थांबायचं नावच घेत नाही. सकाळी मी छत्री घेऊन निघाले. बाजारातून घोट्यापर्यंत पाणी वाहून राहिलं होतं, सगळं खालच्या वार्डाकडे. लेव्हल चुकली असेल तर? कुठे माती अडकली असेल तर? एवढं भांडून मीच वार्ड बुडवला, असं झालं तर तोंड कुठे लपवू? इतकी घाबरले होते की रस्त्यात भेटलेल्या रहांगडालेला ओळखही दिली नाही.

थेटरजवळ आले तर पायऱ्या नुसत्या ओल्या. खालून, मंचाच्या पोटातून, घो घो आवाज येत होता. धावत पलीकडे नाल्यापाशी गेले. नालीच्या तोंडातून गढूळ पाणी असं उसळून बाहेर पडत होतं की मी भर पावसात एकटीच टाळ्या वाजवल्या. पाहायला तिथे कुत्रंही नव्हतं. पाणी तुंबलं असतं तर सगळा गाव जमला असता, पेपरवाले आले असते.

सुगंधाबाईच्या छपरातून धूर निघत होता. दारातून डोकावले. भट्टी पेटलेली, जमीन कोरडी, कढईत मुरमुरे तडतडून राहिले. नाटक झालं तरी ती माझ्याशी नीट बोलली नव्हती. तिने मान वर केली, मला पाहिलं आणि पाटावरचं सूप सरकवून बसायला जागा केली.

"आलं का पाणी?" मी विचारलं.

"नाई." तिने झाऱ्याने मुरमुरे उपसले, चाळणीवर टाकले, वाळू खाली झाडली. "दरसाली आतापावतर भट्टी बसून जाये. यंदा पानीच कमी हाये, मॅडम."

बाहेर छपरावर पाऊस कोसळत होता, इतका की तिचं बोलणं मला वाकून ऐकावं लागलं. माझी साडी गुडघ्यापर्यंत चिंब, छत्रीच्या काड्यांवरून पाण्याच्या धारा. इतक्या वर्षांचं सगळं एकदम तोंडात आलं, आराखडे, चुन्याची रेघ, फिरवलेली तोंडं, सगळं. तिने ओंजळभर गरम मुरमुरे माझ्यापुढे धरले होते.

मी ते घेतले आणि म्हटलं, "हो सुगंधाबाई, यंदा कमीच आहे."